पाखऱ्याच्या कपाळावरची पट्टी

माझ्या नातीनं परवा बचत गटाच्या दुकानातून एक गुलाबी पाकीट आणलं. आत कापडी पट्ट्या, मऊ, फुलाफुलांच्या, टिचबटण लावलेल्या. पाळीत वापरायच्या, धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, परत वापरायच्या. "आजी, बघ, नवीनच निघालंय," ती म्हणाली आणि मला असं काही हसू फुटलं की तोंडातलं सुपारीचं खांड उडून तिच्या मांडीवर पडलं. ती बिचारी रुसली. पाकिटावर छापलं होतं, 'वर्षानुवर्षं टिकणारं.' मी म्हटलं, बाई गं, टिकतं का नाही हे कागदावर छापून कळत नसतं, त्याला बैल लागतो. "कसला बैल?" ती म्हणाली. आता ही गोष्ट तोंडानं सांगायची म्हणजे मला पहिल्या वाक्याच्या पुढं जाववत नाही, हसून हसून पोटात कळ येते. म्हणून लिहूनच काढते.

तेरला आमचं घर वेशीपासून हाकेच्या अंतरावर, तेरणा नदीकडं उतरणाऱ्या वाटेला होतं. पुढं दोन खोल्या, मागं गोठा आणि मधल्या सोप्यात आईचं शिलाई मशीन. मशीनची खडखड चालू म्हणजे आई खुशीत. खडखड थांबली म्हणजे एक तर दोरा तुटला, नाही तर आत्या काहीतरी बोलली. सुंदराआत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. सासरी पटलं नाही म्हणून माहेरी आली ती आलीच. "नवऱ्यापरीस मला भावजय ब्येस," असं चारचौघांत सांगायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. आई तिला 'गप गं, गप गं' म्हणत म्हणत स्वतःच पदरात तोंड खुपसून हसायची. सकाळी चुलीपुढं या दोघींचं जे चालायचं त्यात कितीतरी भाकरी करपल्या आणि आम्ही त्या शेंगाच्या चटणीसंगं गपगुमान खाल्ल्या. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा मला अजून आवडतो. सून म्हणते, आई, ते टाकून द्या. मी कशाला टाकते!

आप्पा, म्हणजे माझे वडील, या सगळ्यात नसल्यासारखे. ते माणसांशी मोजून मापून बोलायचे आणि बैलांशी भरभरून. मोत्या आणि पाखऱ्या अशी आमची जोडी. मोत्या थंड डोक्याचा, कुणीही धरावा. पाखऱ्या उंच, पांढराशुभ्र, देखणा आणि डोक्यानं अर्धवट. पाण्यात स्वतःची सावली दिसली तरी बुजायचा. आप्पा त्याला तासन्‌तास समजावत बसायचे, "आरं, ते तूच हायस की रं." माझ्याशी मात्र "शाळंला चाललीस?" आणि "आलीस का?" एवढंच. मी लहान होते तेव्हा त्यांच्या खांद्यावरून खाली उतरत नव्हते म्हणे. पण परकर घोट्याखाली गेला तसं त्यांनी माझ्याकडं नीट बघणंसुद्धा सोडलं. बापलेकीचं तेव्हा तसंच असायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण हे कुणाला सांगायचं असतं हेच मुळात ठाऊक नव्हतं.

आणि मी खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे काय, अंगात आल्यासारखी खेळायची. आमच्या जिल्ह्याच्या मातीतच तो खेळ आहे. गुडघे फुटलेले, कोपरं सोललेली, परकराचा काठ लोंबतोय आणि मी खांबावर सूर मारतेय. आत्या म्हणायची, "ही पोरगी न्हाई, वावटळ हाय. हिला बायको करणाऱ्यानं आधी खुंटा घट ठोकून ठेवावा."

पण महिन्याचे ते दिवस आले की वावटळीचा दगड व्हायचा. तेव्हा आमच्याकडं घड्या असायच्या. जुन्या लुगड्याचं फडकं फाडायचं, घडी घालायची, नाडीत अडकवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. धुतलं की वाळत घालायचं गोठ्यामागं कडब्याच्या आडोशाला आणि वरनं दुसरं लुगडं टाकायचं, कारण पुरुषाची नजर पडता कामा नये. सापाची तर अजिबातच नाही. सापानं ते कापड बघितलं की साप आंधळा होतो, असं आमच्यात म्हणत. आत्याला हे पटायचं नाही. "माझ्या घड्यांनी तेरचे निम्मे साप आंधळे व्हायला पायजे व्हते," ती म्हणायची. "एक तरी साप काठी टेकत जाताना बघितलास का, वैनी?"

त्या वर्षी आमच्या सरांनी मुलींना बोलावून सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. "कुसुम, तुझं नाव मी धरूनच चाललोय." मला आभाळ ठेंगणं झालं. त्याच संध्याकाळी मैदानावर सराव चालला होता, मी माझ्या चौकात बसलेली, आणि बसल्या बसल्या मला कळलं की घडी सरकली. नुसती सरकली नाही, नाडीतनं निसटून खाली मातीवर आली आणि मी तिच्यावर बसलेय. तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडली, "खो!" मी उठले नाही. "खो गं, खो!" मी जागची हलले नाही. सर ओरडले, मैत्रिणी ओरडल्या, पळणारी पोरगी चकित होऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी म्हटलं, पायात गोळा आलाय. मैदान रिकामं होईपर्यंत मी तशीच तिथं बसून होते, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी. आता हसू येतं. तेव्हा घरी येईपर्यंत मला दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते.

"कामून रडायलीस?" आईनं विचारलं. मी सांगितलं. आणि म्हटलं, मी आता खेळणार नाही, उस्मानाबादला तर जाणारच नाही. माझा पुढच्या महिन्याचा हिशेब नेमका पोळ्याच्या अंगालाच येत होता. सगळ्या जिल्ह्यासमोर असं झालं तर मी तेरणेत उडी घेईन. आत्या म्हणाली, "तेरणेत पाणी कुठंय? गुडघ्याएवढं हाय. निस्ती भिजशील." पण आई हसली नाही. तिनं मशीनवरचं ब्लाउज बाजूला सारलं आणि माप घ्यायची टेप उचलली. "हिकडं ये," म्हणाली.

पुढचे दोन-तीन दिवस आमच्या सोप्यात जे शिवणकाम झालं ते मी जन्मात विसरणार नाही. खालच्या अंगाला मोडक्या छत्रीचं काळं कापड, पाझरू नये म्हणून. मधे आप्पांचा जुना मलमलचा पटका, धुवून धुवून लोण्यासारखा झालेला, घडीवर घडी. वरून ब्लाउजातून उरलेला लाल खण, कारण लालावर डाग दिसत नाही. आणि चारी कोपऱ्यांना लांब बंद, कमरेला गाठ मारायला. त्यावर गोधडीसारख्या उभ्या-आडव्या शिवणी, इतक्या दाट की आत्या म्हणाली, "वैनी, पट्टी शिवायलीस का चिलखत?" आणि मग पटक्याकडं बोट दाखवून, "दादाचा पटका गं! जलमभर डोस्क्यावर मिरवला आन् आता त्याची जागा बघ कुठं आली!" आईचा पाय मशीनवरच थांबला. दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या. मी रडायचं थांबून हसायला लागले, पण तरी म्हटलं, "मी खेळणार नाहीच. बंद सुटला तर?"

"सुटायचा न्हाई."

"पण सुटला तर?"

आईनं दोरा तोडला आणि दुसरी पट्टी मशीनखाली सरकवली. बातमी मात्र गल्लीत पसरली. बायका पाठच्या दारानं यायच्या, कुजबुजायच्या, खणाचे तुकडे देऊन जायच्या आणि पदराखाली पट्ट्या घेऊन जायच्या. आप्पा गोठ्यातनं हे येणं-जाणं बघायचे. त्यांना वाटायचं, पोळ्याचं काहीतरी शिवणकाम चाललंय. त्यांची तरी काय चूक? दर पोळ्याला आई बैलांसाठी काहीतरी नवं शिवायचीच, कधी आरशाची झूल, कधी गोंड्यांचा पट्टा.

आणि इथंच घोळ झाला. खणाचा रंग उतरतो का ते बघायला आईनं माझ्या दोन नव्या पट्ट्या सोडा घालून उकळल्या. वाळत घालायच्या वेळी आत्या अडून बसली. "कोऱ्या हायत. अजून कुणी वापरल्या न्हाईत, मग लपवायच्या कशाला? साप काय आंधळा व्हतोय!" आणि तिनं त्या सरळ गोठ्याच्या दोरीवर टाकल्या. बैलांच्या धुतलेल्या झुलींच्या शेजारी. भर उन्हात.

त्या दिवशी खांदमळणी होती, पोळ्याचा आदला दिवस. आप्पांनी बैलांना नदीवर नेऊन आंघोळ घातली, लोणी-हळदीनं खांदे चोळले आणि कानाशी लागून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." आम्ही घरात पुरणाची डाळ निवडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरभर पुरणाचा आणि येळवणीच्या आमटीचा वास, चुलीचा धूर, बाहेर हलगीचा कडकडाट. पट्ट्यांची आठवण कुणाला असणार? आम्ही तिघी ओवाळणीचं ताट घेऊन ओट्यावर येऊन उभ्या राहिलो. गल्लीतल्या बायका होत्याच. मारुतीला फेरी घालून बैल परतत होते, शिंगांना हिंगूळ, बेगड, फुगे, गळ्यात घुंगरमाळा. आमची जोडी वळणावर दिसली. आप्पा नव्या पटक्यात, मान ताठ, मिशीतल्या मिशीत हसत.

"वैनी," आत्या म्हणाली. तिचा तसला बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पाखऱ्याच्या कपाळाला बघ."

पाखऱ्याच्या कपाळाला माझी पट्टी होती. लाल खण वर, दोन बंद शिंगांमागं, दोन बंद गळ्याखाली, मधोमध कुंकवाचा टिळा. मोत्याच्या कपाळाला दुसरी.

आईच्या हातातलं ताट कललं, निरांजन विझलं. शेजारच्या सरूबाईंनी बघितलं, त्यांच्या पलीकडच्या कमळानं बघितलं आणि एकेकीच्या तोंडात पदराचा बोळा गेला. सगळ्यांच्या घरात तसलीच पट्टी, तसल्याच खणाची! कुणाला बोलता येईना, कुणाला थांबता येईना. कमळा तर खांबाला धरून खालीच बसली. आणि आप्पा मोठ्या ऐटीत सोबतच्या गड्यांना सांगत होते, "आमच्या हिनं शिवल्यात. काय शिलाई हाय बघा! गल्लीतल्या समद्या बायका हिच्याकडनंच न्हेतात." एक गडी म्हणाला, "आप्पा, आमच्या ढवळ्याला पन सांगा की एक." झालं! सरूबाईंच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. आई पुटपुटत होती, "मारुतीरायाला फेरी घातली गं बया, मारुतीरायाला!" आत्या म्हणाली, "घातली तर घातली. कोरं कापड हाय. आन् मारुतीरायाला काय आई नव्हती व्हय?"

तेवढ्यात कुणीतरी फटाक्याची लड लावली आणि पाखऱ्या उधळला. आप्पांच्या हातातनं कासरा सुटला. माणसं ओट्यांवर चढली. पाखऱ्या चौखूर उधळत वेशीबाहेर, तिथनं बाभळीच्या बनात, तिथनं खाली तेरणेच्या पाण्यात, परत बाभळीत. मागं आप्पा, आप्पांच्या मागं निम्मं गाव. बऱ्याच वेळानं ते त्याला धरून घेऊन आले तेव्हा तो पोळ्याचा बैल राहिलाच नव्हता. झूल बाभळीवर लोंबत राहिलेली, फुगे फुटलेले, घुंगरमाळ तुटून नदीत, शिंगावरचा गोंडा गेलेला, बेगड गेलेली. सगळं अंग चिखलानं माखलेलं. आणि कपाळाला, काट्यांचे ओरखडे खाऊन, चिंब भिजून, लाल खणाची पट्टी जशीच्या तशी. चारी बंद जागच्या जागी.

पाखऱ्याला गोठ्यात बांधलं, पुरणपोळी चारली. आईनं पट्टी सोडायला घेतली तर गाठ सुटेना, दातानं सोडवावी लागली. मग तिनं ती उन्हाकडं धरली आणि शिवणीवरनं अंगठा फिरवला, एक टाकासुद्धा निघाला नव्हता. ती माझ्याकडं बघत होती. मी त्या पट्टीकडं बघत होते. मला खेळायचं होतं हो! इतके दिवस 'नाही नाही' म्हणत होते, पण रात्रंदिवस मनात खो देत होते, खो घेत होते.

"मोत्याची घाल," आई म्हणाली. "तो शांत चालला, ती पट्टी कोरी करकरीत हाय."

"नाही," मी म्हटलं. "मला पाखऱ्याचीच पाहिजे."

आत्यानं ती कडुलिंबाचा पाला घालून इतकी उकळली, इतकी उकळली की आई म्हणाली, अगं भाजी नाही ती. चुलीजवळ वाळवली. सकाळी मी अंगावर घेतली, आईनं स्वतःच्या हातानं गाठी मारल्या, आणि मी सरांबरोबर एसटीत बसले. वेशीत आप्पा उभे होते. "चाललीस?" म्हणाले. मी म्हटलं, "व्हय." झालं आमचं बोलणं.

मैदानावर जिल्हाभरच्या पोरी होत्या. कळंबच्या, भूमच्या, लोहाऱ्याच्या, सगळ्या माझ्याहून उंच आणि माझ्याहून धीट. मी चौकात बसले आणि माझं सगळं लक्ष कमरेच्या गाठींवर. पाठीवर थाप पडली. "खो!" मी उठले, पण पळाले कशी? डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखी. चार पावलं गेले आणि दुसरीला खो देऊन टाकला. परत आला, परत दिला. निवडायला बसलेले लोक आपसात काहीतरी बोलले. सर बाहेरून ओरडत होते, "कुसुम, काय झालंय तुला? पळ की!" मला कळत होतं की संधी चाललीय, डोळ्यांदेखत चाललीय, आणि पाय उचलत नव्हते.

तेवढ्यात चुन्याच्या रेषेपलीकडून, सगळ्या मैदानावर घुमेल असा आवाज आला. बैल हाकणाऱ्याचा आवाज.

"कुसे! पळ! आगं, पाखऱ्या उधळला तरी सुटली न्हाई! बिनघोर पळ!"

मी वळून बघितलं. आप्पा. खांद्यावर रिकामं पोतं, सरकीची पेंड घ्यायच्या निमित्तानं आलेले. पटका तिरका झालेला, तोंड लालभडक. लोक त्यांच्याकडं बघत होते, हा काय बडबडतोय म्हणून. कळंबच्या पोरीनं विचारलं, "पाखऱ्या कोन गं?" मला एकटीला कळलं होतं. आप्पांना ठाऊक होतं! आत्यानंच सांगितलं असणार. पुढं ती जन्मभर शपथा घेऊन नाही म्हणाली. जो माणूस माझ्याकडं नीट बघत नव्हता, त्यानं सगळ्या जिल्ह्यासमोर माझ्या पट्टीची हमी दिली होती. मला हसू फुटलं. पोटातनं, बेंबीच्या देठापासनं. आणि पुढचा खो पडला तशी मी हसत हसत उठले आणि सुटले. वावटळ! भूमची पोरगी खांबाला वळसा घालत होती, मी अंग झोकून दिलं, खांबावरून सूर मारला आणि पालथी मातीत पडले. बोटं तिच्या टाचेला लागलेली. मातीत पडल्या पडल्या मी हसतच होते. चारी गाठी जागच्या जागी होत्या.

माझं नाव संघात घेतलं. परतताना एसटीत आप्पा मागच्या बाकावर पेंडीचं पोतं धरून बसले. मधेच उठून आले, कागदात बांधलेली गरम भजी माझ्या हातात दिली आणि परत जाऊन बसले. मी ती मैत्रिणींना दिली नाहीत. एकटीनं खाल्ली, मिरच्यांसकट.

घरी पोचलो तर मशीन बंद आणि दोघी दारात. "कशी खेळली?" आईनं विचारलं.

"पाखऱ्यावानी," आप्पा म्हणाले आणि पाय धुवायला रांजणाशी गेले.

आत्याच्यानं राहवेना. "आन् पट्टी?" ती मोठ्यानं म्हणाली. आईनं कपाळाला हात लावला. मी जमिनीत जागा शोधायला लागले. आप्पा पाठमोरे, पायावर पाणी ओतत राहिले, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"टिकली की," ते म्हणाले. मग पंच्यानं पाय पुसत, कुणाकडंच न बघता, आईला म्हणाले, "फुडच्या पोळ्याला पाखऱ्याला दुसरी शिव. ती तिची हाय."